येऊन राहिलो

नागपूरच्या चारी दिशांना इतकी जमीन पसरली आहे की इथल्या माणसाला समुद्राशी ना मैत्री करता येते ना भांडण. तरीही मी छातीठोकपणे सांगतो, की उभा कोकणकिनारा पालथा घातला तरी आमच्या साडभाऊंइतका पक्का दर्यावर्दी कुणाला सापडायचा नाही. कोकणातला खलाशी बंदरावर उतरला की चारचौघांसारखा चालतो, चारचौघांसारखा जेवतो आणि घरच्या अंथरुणात ढाराढूर झोपतो. आमचे साडभाऊ आयुष्यात एकदाच समुद्रावर गेले, तेही काही आठवडे, आणि नंतरची दोन-तीन वर्षं सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत, कौलारू घराच्या दोन खोल्यांत, भर समुद्रात असल्यासारखेच राहिले. त्या घरात पाऊल टाकताना मी नकळत चौकटीला धरायचो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्या-मुंबईकडे याच नात्याला साडू म्हणतात; आमच्याकडे त्यात भाऊ घालून ते जरा जवळचं करून घेतात. या नात्यातली गोम अशी की दोघी बहिणी एकमेकींना सगळं सांगतात, त्यामुळे दोघा साडभाऊंना एकमेकांपासून काहीच लपवता येत नाही. मी लग्नात किती वेळा रुसलो होतो हे त्यांना ठाऊक होतं आणि ते झोपेत कुठल्या महासागराचं नाव घेतात हे मला.

ते नागपुरातल्या सदर भागातल्या एका शाळेत भूगोलाचे मास्तर होते. वर्गात ते अगदी पुस्तकी, इस्त्री केलेली मराठी बोलत. ईशान्य मोसमी वारे कसे वाहतात, विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा म्हणजे काय, हे सगळं निळ्या खडूनं फळ्यावर काढून सांगत, आणि तास संपला की कोपरापर्यंत निळे होऊन बाहेर पडत. शाळेच्या फाटकाबाहेर सायकलवर टांग टाकली की मात्र त्यांची जीभ उमरेडकडच्या आपल्या गावाला परत जाई, आणि पानवाल्याला ते विचारत, "काहून गा, चुना एवढा काहून लावला?" या दोन भाषा त्यांच्या पोटात दोन वेगळ्या कप्प्यांत असत आणि एकीचा वास दुसरीला लागत नसे. एवढं सगळं शिकवणाऱ्या या माणसानं समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. पाण्याशी त्यांची ओळख सक्करदऱ्याच्या तलावापुरती होती, आणि तीसुद्धा काठावरून. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागलेली होती. समुद्र न पाहता समुद्र शिकवणं म्हणजे मुलांना फसवणं आहे, असं ते मला एकदा कळवळून म्हणाले होते. मी म्हटलं, इतिहासाचे मास्तर कुठे पानिपतावर गेले होते? पण त्यांची समजूत पटली नाही.

अशात त्यांना कप्तान भेटले. कप्तान हे मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईच्या एका बोट कंपनीतून निवृत्त होऊन त्यांनी पदरच्या पैशानं शिडाची एक छोटी बोट बांधून घेतली होती. भाचीच्या लग्नासाठी ते नागपूरला आले आणि जेवणाच्या पंगतीत नेमके साडभाऊंच्या शेजारी बसले. मठ्ठा वाढून होईपर्यंत दोघांचं मोसमी वाऱ्यांवरून जुंपलं होतं. पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली, तरी हे दोघे हात वाळवत वाद घालतच होते. शेवटी कप्तानांनी सांगितलं, की थंडीत ते बोट घेऊन सेशेल्स बेटांकडे निघणार आहेत, सोबत येणाऱ्या मित्रानं ऐन वेळी अंग काढून घेतलंय, आणि एकट्यानं काही जाता येत नाही. मग त्यांनी साडभाऊंना विचारलं, स्वयंपाक येतो का. साडभाऊ म्हणाले, खिचडी येते. बोट लागते का? साडभाऊ म्हणाले, अजून तशी संधी मिळालेली नाही. एवढ्या मुलाखतीवर त्यांची नेमणूक झाली.

ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंना, आधी ही सगळी गंमतच वाटली. साडभाऊंनी बिनपगारी रजा टाकली तेव्हा त्या हसल्या, पासपोर्टचा फोटो काढून आणला तेव्हाही हसल्या. पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यांचं हसू थांबलं. पुढं दोन दिवस त्या कुणाशीच बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठी कढई काढून चिवडा करायला घेतला. ज्या घरातल्या माणसाला अडवता येत नाही त्याच्यासोबत चिवडा द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्यांनी डोळ्याला पदर लावून नवऱ्याला एकच बजावलं, "पाण्यात उतरू नोका बरं."

साडभाऊ पाण्यात उतरले नाहीत. पाणीच त्यांच्याकडे आलं. पहिले काही दिवस त्यांनी फक्त समुद्राला पोटातलं सगळं अर्पण केलं, चिवड्यासकट. मग एका सकाळी एकदम भूक लागली आणि त्यांचा संसार सुरू झाला. एवढीशी ती बोट. आपल्या चुलीपासून मोरीपर्यंतच्या जागेत झोपायचं, रांधायचं, शिडं सांभाळायची आणि एकमेकांचा राग करायचा. दोघंच माणसं, म्हणून चार तास एकानं सुकाणूवर बसायचं नि दुसऱ्यानं झोपायचं, मग उलट. गोडं पाणी मोजून मापून. आंघोळ समुद्राच्या पाण्यानं, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि अंगाला मात्र मीठ लागतं. स्टोव्ह साखळीवर झुलता, कारण सगळी बोट हलते तेव्हा त्यालाही हलू द्यावं लागतं. एकदा उत्साहाच्या भरात साडभाऊंनी स्टोव्हवरचं पातेलं झाकण न बांधता ठेवलं, बोटीनं कूस बदलली, आणि सगळी खिचडी कप्तानांच्या अंथरुणावर जाऊन पसरली. कप्तानांनी शांतपणे ती तिथूनच चमच्यानं खाल्ली आणि सांगितलं, "मास्तर, इथे जे बांधलेलं नाही ते आपलं नाही."

हे वाक्य साडभाऊंनी सक्करदऱ्याला आणलं. परतीच्या आगबोटीनं मुंबई आणि मग रेल्वेनं नागपूर असा प्रवास करून, करपलेल्या चेहऱ्यानं आणि फेंगड्या चालीनं ते घरी आले, आणि चहा घ्यायच्या आत सुतळीचा गुंडा मागितला. आठवडाभरात घरातलं सगळं बांधून झालं. डाळीचे डबे एकमेकांना, झाकणं डब्यांना, चष्मा मानेला, आगपेटी खिळ्याला. आमची ही एकदा बहिणीला मदत करावी म्हणून तुरीचा डबा काढायला गेली, तर त्यामागून साखर, रवा, पोहे, शेंगदाणे अशी अख्खी वरात फळीवरून निघाली. ताटाखाली ओलं फडकं घालायचं, नाही तर ताट सरकतं. ताट कुठं सरकतं हो, असं मी विचारलं की ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत. आणि कप कधी अर्ध्याच्या वर भरायचा नाही. या अर्ध्या कपापायी त्यांनी अनेक माणसं तोडली. आपल्या नागपुरात पाहुण्याच्या बशीत चहा सांडेपर्यंत ओततात, तेव्हा कुठे त्याला आपण आलो असं वाटतं. साडभाऊंचे हेडमास्तर एकदा घरी आले, त्यांच्यापुढे तळाशी चहा असलेला कप आला. रजेचा राग मनात धरून हा माणूस आपल्याला अर्धा चहा पाजतो असं त्यांनी मनाला लावून घेतलं, आणि पुढच्या वर्षी साडभाऊंना सगळे दुपारच्या जेवणानंतरचे तास आले.

पाण्याच्या बाबतीत मात्र गल्लीनं त्यांच्यापुढे हात टेकले. एका तांब्यात दात, तोंड, दाढी, त्याच पाण्यात रुमाल, उरलेलं तुळशीला. ताईंना हे कधी पटलं नाही. नळ आहे, विहीर आहे, मग माणसानं असं पाखरासारखं काहून आंघोळ करावी, हे त्यांचं म्हणणं. पण मे महिन्यात नागपूरच्या नळांनी डोळे पांढरे केले की आख्खी गल्ली बादल्या घेऊन धावायची आणि आमचे साडभाऊ तांब्याभर पाण्यात न्हाऊन, भांग पाडून ओट्यावर बसलेले असायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला बघवत नसे. पाणी फेकायचं झालं तरी ते आधी दारात उभं राहून ओलं बोट वर धरीत, वारा कुठला ते बघत, आणि मगच तांब्या रिकामा करीत. कारण बोटीवर त्यांनी एकदा चहाचा चोथा वाऱ्याच्या तोंडावर फेकला होता, आणि तो सगळा कप्तानांच्या पांढऱ्या दाढीत जाऊन बसला होता. संध्याकाळपर्यंत कप्तानांना कुणी सांगितलं नाही. सांगणारा एकच माणूस होता, आणि तोच आरोपी.

त्यांना सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो उडत्या माशांनी. रात्रीतून हे मासे उडून बोटीवर येऊन पडत. कप्तान त्यांची कोकणी जिभेनं वाट बघत, आणि आमचे साडभाऊ माळकरी घरातले, शुद्ध शाकाहारी. त्यामुळे रोज पहाटे दोघांत शर्यत लागे. साडभाऊ आधी उठले तर मासे हलक्या हातानं समुद्रात परत जात, कप्तान आधी उठले तर ते तव्यावर जात. कप्तानांच्या पहाऱ्यात पडलेले मासे तर वाचवताच येत नसत. आपण जितके वाचवले त्याहून जास्त खाल्ले गेले, ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत होती. पण त्याच कप्तानांनी शांत पट्ट्यात त्यांना मिठी मारावीशी वाटेल असा दिवस दाखवला. विषुववृत्ताजवळ एका सकाळी वारा साफ मेला. शिडं लोंबायला लागली. कप्तान आभाळाला शिव्या देत येरझारा घालत होते आणि साडभाऊ आनंदानं टाळ्या पिटत होते, कारण पुस्तकात लिहिलंय तस्सं झालं होतं. इतकी वर्षं शिकवलेलं खोटं नव्हतं. कप्तान त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत, पण सोबत नेलेल्या नागपुरी संत्र्यांतलं शेवटचं संत्रं सोलून त्यांनी अर्धं पुढे सरकवलं.

पहाऱ्याची शिस्त तर घरात आणायला नकोच होती. घर वाऱ्यावर सोडून सगळ्यांनी झोपायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. खाटेच्या कडेला आडवी फळी, अंगाभोवती उशा दाबून भरलेल्या, अशा थाटात ते झोपत आणि दिवस उजाडायच्या आधी उठून ताईंना उठवून रीतसर ताबा देत. "वारा उगवतीचा. आभाळ साफ. दूधवाला अजून दिसत नाही." ताई कूस बदलून म्हणत, "मी झोपून राहिली ना अजून." मग साडभाऊच ताईंच्या वतीनं ताबा घेत आणि पुन्हा पहाऱ्याला बसत. दुपारी बारा वाजता, सुट्टीच्या दिवशी, तर बघण्यासारखा सोहळा असे. बोटीवर कप्तान रोज बाराला पितळी यंत्रानं सूर्याची उंची मोजून आपण समुद्रात नेमके कुठे आहोत ते काढत. साडभाऊंनी त्यासाठी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्याला दोरा आणि एक छर्रा बांधला होता. अंगणात उभं राहून ते डोळे बारीक करून मापत, बोटांवर हिशेब करत आणि घरात येऊन गंभीरपणे सांगत, "आहो तिथंच आहो." घर जागच्या जागी निघाल्याचा आनंद त्यांना दर सुट्टीला नव्यानं होई.

आता ती एक गोष्ट सांगायला हवी, जिच्यावाचून या माणसाची ओळख पुरी होत नाही. एके दिवशी दुपार कलताना साडभाऊ सुकाणूवर होते आणि कप्तान खाली झोपायला आडवे झाले होते. तोवर साडभाऊ कप्तानांशी वर्गातली मराठी बोलत आले होते. अचानक क्षितिजावर एक मालवाहू जहाज दिसलं आणि बघता बघता मोठं व्हायला लागलं. साडभाऊंची पाचावर धारण बसली. अशा वेळी माणसाला वर्गातली भाषा सुचत नाही, आईची सुचते. ते खाली वाकून ओरडले, "कप्तानसाहेब, जहाज येऊन राहिलं."

आपल्याकडच्या माणसाला यात काही सांगायला नको. येऊन राहिलं म्हणजे येत आहे, चालत आहे, पोचेलच. पण कप्तान रत्नागिरीचे. त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला, की जहाज आलं आणि राहिलं, म्हणजे थांबलं. कुठलं तरी जहाज लांबवर नांगरल्यासारखं उभं आहे, त्यात घाबरायचं काय? त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "राहू दे."

साडभाऊ हा हुकूमच समजले. कप्तान म्हणतायत तसंच राहू द्यायचं, सुकाणू हलवायचं नाही. त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. जहाज मोठं झालं, त्याचा गंज दिसायला लागला. त्यांनी पुन्हा सांगितलं, की जहाज अजून येऊन राहिलं. कप्तान वैतागून म्हणाले, राहिलं ना एकदा, मग किती वेळा सांगाल? जहाजाचा घरघराट ऐकू यायला लागला तेव्हा कुठे साडभाऊंच्या तोंडून निघालं, "आंगावर येऊन राहिलं हो." अंग हा शब्द रत्नागिरीलाही तोच. कप्तान एका उडीत वर आले, सुकाणू खेचलं, शीड फडाडलं, आणि तो लोखंडी डोंगर त्यांच्या इतक्या जवळून गेला की वर दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाची ठिगळं साडभाऊंना दिसली.

त्या संध्याकाळी दोघांनी व्याकरण केलं. दोघांच्या कपातला चहा नेहमीसारखा अर्धाच होता, आणि तोही निम्मा सांडून झाला होता. सगळा उलगडा झाल्यावर कप्तान आधी हसले, आणि मग त्यांनी हुकूम काढला, की या बोटीवर यापुढे राहणे हे क्रियापद बंद. येतंय म्हणायचं, जातंय म्हणायचं. साडभाऊंनी तो हुकूम इतका मनावर घेतला की घरी आल्यावरही मोडला नाही. बाकी बोली सगळी गावाकडचीच, पण करून राहिलो, जाऊन राहिलो हे त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच. दुसऱ्यालाही ते टोकत. दूधवाला येऊन राहिला असं ताई म्हणाल्या की ते विचारत, येतोय, की येऊन थांबलाय? ताई म्हणत, "मी अशीच बोलून राहिली जन्मापासून. तुमच्या जहाजापायी भाषा बदलू काय?"

हसायचं सगळं इथवर. कारण हे डबे, ही सुतळी, हा पहारा कशासाठी चालला आहे ते ताईंना पक्कं माहीत होतं. कप्तान बोट तिकडेच एका बंदरात ठेवून आले होते. तिथून पुढे मादागास्करला वळसा घालून आफ्रिकेच्या टोकापर्यंत जायचं आणि मास्तरांना बोलवायचं, असं त्यांनी निरोप घेताना कबूल केलं होतं. साडभाऊ सवय मोडू नये म्हणून घरात बोट चालवत होते. समोरच्या किराणा दुकानात गल्लीतला एकुलता एक फोन होता. दुकानदार कुणालाही हाक मारायला ओट्यावर आला की ताईंचा हात होता तिथेच थांबायचा. हाक दुसऱ्याला असली की पुन्हा चालू व्हायचा. एकदा माझ्या बायकोपाशी त्या बोलून गेल्या, की तो माणूस बोलावणार, अन् हे जाणार, आणि याही वेळी अडवायची हिंमत आपल्यात नाही.

मग एका दिवाळीत घर झाडताना भिंतीवरचा जगाचा नकाशा खाली निघाला. साडभाऊ तो पुसायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आशिया, आफ्रिका, सगळी जमीन लख्ख आहे, आणि हिंदी महासागरावर मात्र धुळीचा थर आहे. त्यांनी जरा चिडूनच विचारलं, की नकाशा रोज पुसतेस अन् एवढा मोठा समुद्र काहून सोडतेस? ताई केर भरत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेले तवापासून सोडते. पुसला असता, अन् तुम्ही तिथंच कुठं असते तं?"

हातातलं फडकं साडभाऊंनी बाजूला ठेवलं आणि नकाशा तसाच धुळीसकट परत भिंतीला लावला. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

फोन आला तो त्याच थंडीत, एका रविवारी संध्याकाळी. मी ओट्यावर बसलो होतो. दुकानदारानं आवाज दिला, "मास्तर, बंबईचा फोन." साडभाऊ चप्पल न घालता धावले. ताई पदराला हात पुसत दारात आल्या. मुंबईच्या ट्रंककॉलवर ओरडून बोलावं लागे, त्यामुळे एका बाजूचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू येई. साडभाऊ हो म्हणाले, पुन्हा हो म्हणाले, कधी निघायचं ते विचारलं. मग बराच वेळ नुसते ऐकत उभे होते. आणि मग एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले, "कप्तानसाहेब, मी येऊन राहिलो."

ताई वळल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग आत गेलो. ताईंनी मोठी कढई काढली. डब्यांची सुतळी सोडवत बसायचा धीर नव्हता, म्हणून विळीवर कापली, आणि पोहे भाजायला घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्या पुसतही नव्हत्या.

साडभाऊ थोड्या वेळानं आले. कढई बघून दारातच थबकले. हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं.

"चिवडा," ताई खाली बघूनच म्हणाल्या. "मागच्या टायमाले पुरला नाही म्हणत होते ना. येऊन राहिलो म्हटलं ना तुम्ही त्यायले."

साडभाऊ गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं. ते चुलीपाशी खाली बसले. "अवं, ते त्यायच्या बोलीत म्हटलं," ते म्हणाले. "मी आलो, अन् राहिलो."

मला समजायला एक क्षण लागला. ताईंनाही लागला असावा, कारण त्यांचा हात थांबला आणि कढईतल्या पोह्यांना करपल्याचा वास सुटला. शेवटी त्या म्हणाल्या, "मंग आता हे एवढे पोहे कोण खाईन?" आम्ही तिघांनी तो करपलेला चिवडा त्याच संध्याकाळी बसून खाल्ला. मी तरी त्याहून चांगला चिवडा खाल्लेला नाही. कप्तान फोनवर काय म्हणाले ते साडभाऊंनी फार पुढे सांगितलं. कप्तान म्हणाले होते, "बरोबर बोललात, मास्तर. पहिल्यांदाच बरोबर बोललात."

त्यानंतर साडभाऊंनी घरातली सुतळी सोडली. खाटेची फळी काढली, ताटाखालचं फडकं गेलं, कप काठोकाठ भरून यायला लागले. आम्हाला वाटलं, सुटलो. पण घरात पाऊल टाकलं की काही तरी हरवल्यासारखं वाटे. चौकटीला हात लावायची गरज उरली नाही, तरी माझा हात आपोआप जाई आणि मग ओशाळून मागे येई. साडभाऊ कमी बोलत. थंडीत ईशान्येचा वारा सुटला की अंगणात येऊन तोंड त्या वाऱ्याकडे करून थोडा वेळ उभे राहत. ताई तेव्हा त्यांना हाक मारत नसत.

पुढं उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी मी गेलो. ताईंनी चहा आणला तो अर्धा कप. मी चमकून फळीकडे पाहिलं. डाळीचे डबे पुन्हा बांधलेले होते, आणि गाठ साडभाऊंची नव्हती. केसांच्या रिबिनीची असते तशी, ताईंची गाठ होती. ताईच म्हणाल्या, की भरलेला कप पाहिला की आजकाल मलेच भेव वाटते, सांडन म्हणून. भिंतीवरचा नकाशा कोरा करकरीत पुसलेला होता, समुद्रासकट.

दुपारी बाराचे ठोके पडले तशा त्या आतून म्हणाल्या, "बारा वाजले ना. पाहून घ्या बरं, आपण कुठं आहो ते." साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून खिळ्यावरचा कोनमापक काढला, त्यावरची धूळ सदऱ्याला पुसली आणि उन्हात जाऊन उभे राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दोरा वाऱ्यानं हलत होता आणि तो थांबायची ते वाट बघत होते. मग आत आले, कप उचलला.

"आहो तिथंच आहो," ते म्हणाले.

"बरं झालं," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी चहा अजून थोडा, पण अर्ध्याच्या वर नाही, एवढा ओतला.